अठरा नंबरचं पाणी

जालना जिल्ह्यात एकोणीस वर्षं शिडाची होडी चालवली असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडं बघतो आणि मग हसतो. त्याचं चुकत नाही. आमच्याकडं पाण्याचा टँकर चालवणारे गल्लोगल्ली सापडतील, होडीवाला कुठून येणार? माझा मेहुणा पाहुण्यांत माझी ओळख करून देतो ती अशी : "हे आमचे दाजी. कोरड्या जिल्ह्याचे खलाशी."

मीही हसून घेतो. पण यंदा होडी निर्लेखित झाली, म्हणजे सरकारी कागदावर कामातून बाद झाली, आणि मला कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. टेबलावर वारा फक्त पंख्याचा. बसल्या बसल्या जुनं आठवत राहतं. त्यातलं एक मी नऊ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. ते सांगायचं आहे. पण त्याआधी काम काय होतं ते सांगावं लागेल, नाहीतर माझी चूक कळणार नाही.

वाटूरपासून मोटारसायकलीवर पाऊण तासावर आमचं धरण. त्याच्या पाण्याखाली आमचं जुनं गाव आहे. गाव उठलं तेव्हा मी फौजेत होतो. सुट्टीवर आलो तर एसटीनं मला माळावरच्या पत्र्याच्या घरांपाशी उतरवलं आणि कंडक्टर म्हणाला, हेच तुमचं गाव. फौजेत पंधरा वर्षं काढली. त्यातली बरीचशी एका तलावावर, एकट्यानं चालवायच्या छोट्या शिडाच्या होड्या शिकण्यात आणि मग शिकवण्यात गेली. परत आल्यावर धरणावर होडीचालकाची जागा निघाली. अर्जात "पोहता येते काय" असा रकाना होता. मला वाटतं बाकीचे उमेदवार तिथंच गळाले.

काम साधं. धरणात गाळ किती साचतो ते मोजायचं. पाण्यावर चाळीस ठिकाणं ठरलेली, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन वजन बांधलेली दोरी सोडायची आणि खोली वहीत लिहायची. एरवी आठवड्याला एक फेरी, पाण्याची पातळी बघायला. होडीला इंजिन होतं. ते दुसऱ्याच महिन्यात बंद पडलं, आणि त्याच्या एका सुट्या भागाचा प्रस्ताव वर गेला तो अजून वरच आहे. तेव्हा मी डोलकाठी उभी केली आणि वाटूरच्या एका शिंप्याकडं ताडपत्री घेऊन गेलो.

त्यानं चष्मा पुसला. "काय शिवायचं?"

"शीड."

"कुणाच्या मापाचं?"

"वाऱ्याच्या."

"वाऱ्याला घिऊन या मंग, माप घेतो," तो म्हणाला. पण शिवलं असं, की एकोणीस वर्षांत एक टाका उसवला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वारा मागून ढकलतो आणि होडी पुढं जाते. तसं असतं तर नुसतं जाणं झालं असतं, येणं नाही. वारा समोरून असला तरी घरी यावं लागतं. मग तिरकं जायचं, वळायचं, परत उलट तिरकं जायचं. आमची म्हैस गोठ्याकडं येते तशी, या बांधाला त्या बांधाला लागत. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात शिडाची दोरी, आणि होडी वाऱ्यानं कलली की आपण उलट्या बाजूला कडेवर बसून अंग बाहेर टाकायचं. माझ्या आईला हे सगळं एका वाक्यात कळलं होतं. ती जन्मभर खळ्यावर सूप धरून उफणत आलेली. म्हणाली, "म्हंजे वारं यायच्या आधी वळखायचं, आल्यावर न्हाई."

आणि एक नियम. शिडाची दोरी हातात धरायची, बांधायची कधी नाही. झोत आला की हात सैल सोडता येतो, गाठ सैल सुटत नाही. दोरी बांधलेली असली की होडी आडवी होते. आमचे तलावावरचे उस्ताद तमिळ होते, त्यांची हिंदी मोजकी. रोज सकाळी एवढंच म्हणायचे, "जो रस्सी बाँधेगा, वो पानी पिएगा." मीही पुढं शंभर-दीडशे जवानांना हेच सांगितलं.

होडी अरुंद होती. मागच्या फळीवर खात्यानं पांढऱ्या रंगात लिहून दिलं होतं : क्षमता एक इसम. तेव्हा पाण्यावर जे काही घडलं, ते मी आणि माझी होडी एवढ्यांनाच ठाऊक.

गावाला हे कळल्यावर लोक काठावर यायला लागले. आमचे गणपतआबा दर दिवाळीत यायचे आणि विचारायचे, "जगन, माझ्या हिरीवर यंदा किती पाणी?" त्यांची विहीर जुन्या मळ्यात, सात नंबरच्या खुणेजवळ. तिनं जन्मात उन्हाळ्यात पाणी दिलेलं नव्हतं. मी सांगायचो, "नऊ मीटर, आबा." आबा मान हलवायचे, "बास झालं. औंदा गहू करायला हरकत न्हाई." आणि काठी टेकत घरी. एक वर्ष पाऊस नव्हता, मी म्हणालो चार मीटर, तर ते खरोखर काळजीत पडले. मला मजा वाटायची. मग एक दिवस लक्षात आलं, की आबा मला हसवायला येत नाहीत, विहिरीला भेटायला येतात.

बाकीच्यांचीही कामं असायची. मारुतीची मूर्ती नव्या गावात आणली होती, पण जुना चौथरा पाण्यात. शनिवारी कुणीतरी नारळ द्यायचं, "चौथऱ्यावर सोड बाबा." साळवे गुरुजी, आमच्या शाळेचे, यांनी जुन्या गावाचा नकाशा आठवणीनं काढून दिला. कुठं वेस, कुठं बौद्धवाड्याचा पार, कुठं ओढा, कुणाचा गोठा. त्या नकाशावर मी माझ्या चाळीस खुणा बसवल्या. पाण्यावर खूण अशी दिसत नाही. काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, आणि दुसऱ्या बाजूच्या दोन. पाण्याच्या टाकीवर देवळाचा कळस आला आणि डावीकडं खाणीची कड लिंबाला टेकली, की तुम्ही अठरा नंबरवर आहात. नकाशा देताना गुरुजी म्हणाले, "जगन, तू एकटा जातोस. लोक तुझ्या शब्दावर घरी जातात. हे ध्यानात ठेव."

मी मान हलवली. ध्यानात ठेवण्याइतकं त्यात काही मोठं वाटलं नाही.

कौसामावशी पहिल्याच वर्षी आली. माझ्या आईची धाकटी मैत्रीण, तेव्हा पंचेचाळिशीची. तिची पहिली मुलगी, शेवंता, आठ महिन्यांची असताना तापानं गेली होती. लहान लेकराला जाळत नाहीत. ओढ्याच्या काठी जांभळाखाली तिला ठेवलं. दोन वर्षांनी गाव उठलं. देव हलवला, घरांचा मोबदला मिळाला, गुरं ट्रकमधून आली. जांभूळ राहिलं. पुढं मावशीला दोन मुलगे झाले, चांगले निघाले. पण चैत्रात, हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, शेवंताच्या जन्माच्या दिवशी, ती एक गाठोडं घेऊन काठावर यायची. आत एक धोंडा, बुडण्यासाठी, आणि वर फडक्याला तीन गाठी.

"जांभळापाशी सोड. उघडू नको."

"काय आहे मावशी?"

"तिचं हाय."

मी नेऊन सोडायचो. परत आल्यावर ती एकच शब्द विचारायची, "पोचलं?" आणि मी म्हणायचो, "पोचलं." ती पदर सावरून निघून जायची. गाठोडं दर वर्षी थोडं मोठं होत गेलं. हे माझ्या ध्यानात यायला चार-पाच वर्षं लागली. हाताला मऊ लागायचं, कापडासारखं. विचारलं नाही.

दहाव्या वर्षी गाठोडं जड होतं, आणि वाजत होतं.

त्या दिवशी पश्चिमेचं हलकं वारं होतं. ऊन चढत होतं, पाणी सपाट. होडी आपोआप चालल्यासारखी चालली होती. गाठोडं माझ्या पायापाशी, आणि होडी जरा हलली की आतून किणकिण. काचेची. मला राहवलं नाही. राहवलं नाही असं लिहितो खरा, पण खरं तर मी मिनिटभर विचार केला होता. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात दोरी, गाठ सोडायला तिसरा हात कुठून आणू? मी दोरी बांधली.

तीन गाठी सुटल्या. वर हिरवी साडी, पिवळ्या जरीची. तिच्या घडीत हिरवा चुडा, कागदात गुंडाळलेला. जोडवी. हळदीकुंकवाच्या दोन पुड्या. आणि शिवलेलं पोलकं, हातशिलाईचं, एका तरण्या मुलीच्या मापाचं.

मला तेव्हा समजलं की दहा वर्षं मी काय नेत होतो. शाळेचा झगा, मग परकर, मग ओढणी. पोरगी वाढत होती. त्या वर्षी ती वीस वर्षांची होती आणि तिचं लग्न होतं.

झोत कधी आला ते मला कळलं नाही. मी, वाऱ्यावर वीस-बावीस वर्षं काढलेला माणूस, मान खाली घालून साडीकडं बघत होतो. होडी आडवी झाली. वर आलो तेव्हा साडी थोडा वेळ पाण्यावर पसरलेली होती, मग धोंड्यामागं तीही गेली. होडी सरळ करायला अर्धा तास लागला. त्याआधी सवयीनं मी खुणा बघितल्या होत्या. टाकीवर कळस. खाणीची कड लिंबाला टेकलेली. अठरा नंबर. जांभूळ अजून पाऊण किलोमीटर लांब.

काठावर आलो तो नखशिखांत भिजलेला. मावशी उठून उभी राहिली.

"पडला का रं?"

"थोडं पाणी आलं आत."

"लागलं का?"

"न्हाई."

मग तिनं विचारलं, "पोचलं?"

मी म्हणालो, "पोचलं."

त्याच वर्षी खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या वर्षी भरून काढता आलं असतं. मी तसंच ठरवलं होतं. पुढच्या चैत्रात ती येईल, मी बोलेन. पण पुढच्या चैत्रात ती आलीच नाही. मी घरी गेलो तर शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "आता कशाला? लगीन करून दिलं की. आता ती तिच्या घरी." आणि हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मी दोन शेंगा फोडल्या आणि उठलो.

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न झालं. हळदीला मावशी आली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चारचौघींत म्हणाली, "हिच्या बापानं माझी लेक सासरी पोचवली. हिला कायबी कमी पडायचं न्हाई." बायका डोळे पुसायला लागल्या. मी मांडवाचे खांब बघायला बाहेर गेलो.

अठरा नंबरवर मी पुन्हा गेलो नाही. वळसा घालून जायचो. आता सगळं लिहितोच आहे तर हेही लिहितो : नऊ वर्षं त्या एका ठिकाणची खोली मी न मोजता वहीत लिहिली. पाण्याची पातळी जुळवून मागल्या आकड्यातून दोन-चार सेंटीमीटर वजा करायचे. बाकीच्या एकोणचाळीस ठिकाणी मी जीव तोडून अचूक होतो.

यंदा मृगात साहेबांनी बोलावून सांगितलं, गाळ मोजायला नवं यंत्र येतंय, काठावरूनच चालतं. होडीचा निर्लेखनाचा कागद श्रावणात निघेल. म्हणजे होडी जाणार. मी खुर्चीतून उठलो तो सरळ मावशीकडं.

तिनं आता साठी ओलांडली आहे. ओसरीवर डाळ निवडत होती. मी उंबऱ्यापाशी बसलो आणि सगळं सांगितलं. दोरी, गाठी, साडी, झोत. ती डाळीतून मान वर करीना.

"उघडलंस कशाला?"

"बघायचं होतं. वाजत होतं आत."

"माझ्या लेकीचं रुखवत तू उघडून बघितलंस. मी सांगितल्तं, उघडू नको."

"हो."

"लाज न्हाई वाटली?"

"वाटली. म्हणून तर नऊ वर्षं बोललो न्हाई."

"ती लाज न्हाई. ती भीती," मावशी म्हणाली. "लाज वाटली आसती तर त्याच दिशी बोल्ला आसतास. मी तुला भिजलेला बघून तुझीच काळजी करत राह्यले, आन् तू..."

तिला डाळीत खडा सापडला तो अंगणात टाकला. मला वाटलं आता ऊठ म्हणेल. मग तिनं विचारलं, "पडलं कुठं?"

"अठरा नंबरवर."

"तुझे नंबर मला काय कळत्यात? वढ्याच्या आल्याड का पल्याड?"

गुरुजींचा नकाशा मला पाठ होता. ओढा म्हणजे आमची शीव, गावाची हद्द. पलीकडं दुसऱ्या गावाची जमीन.

"पल्याड. शेजारच्या गावच्या शिवारात. पांढरीच्या मळ्यात."

मावशीचा हात सुपात थांबला. "चांगला मळा व्हता तो," ती म्हणाली. "बारमाही पाणी." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आपल्याच वढ्याकाठी राह्यली आसती तर लगीन झालं आसं कसं म्हणावं? शीव वलांडूनच जावं लागतं पोरीला."

हे ती माझ्यासाठी म्हणाली की तिच्यासाठी, मला आजही सांगता येत नाही. पण ती तिथं थांबली नाही.

"जगन, नऊ पंचम्या झाल्या."

"काय?"

"समद्यांच्या लेकी पंचमीला म्हायेरी येत्यात. भाऊ मुराळी जातो आन् घिऊन येतो. माझी पोरगी कुठं नांदती तेच मला ठाव नव्हतं, मी मुराळी कुठं धाडू? मी वढ्याकडं तोंड करून जेवते बग पंचमीला. आन् ती पल्याड वाट बघत बसली आसंल." तिनं सूप बाजूला ठेवलं. "तूच जा. तुझी आई रानात जायची तवा तुला मीच भाकर घातली. तिचा भाऊच हायस तू."

नागपंचमीला वारं चांगलं होतं. जाताना मागून, येताना समोरून. मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. बायको दारात म्हणाली, "आज टोपी?" मी तिला तोवर सांगितलं होतं, म्हणून तिनं पुढं विचारलं नाही. डब्यात पुरणाचे दोन दिंड दिले. मुराळी रिकाम्या हातानं जात नाही.

टाकीवर कळस आला. खाणीची कड लिंबाला टेकली. लिंब आता थोराड झाला आहे. मी शीड सैल सोडलं, होडी उभी राहिली. आधी काम केलं. वजन सोडलं, दोरी मोजली. सहा मीटर चाळीस. माझ्या वहीच्या हिशेबानं सात मीटर दहा असायला हवे होते. माझ्या अंदाजापेक्षा गाळ पुष्कळ जास्त होता. खरा आकडा लिहिला, सही केली. मग दिंड पाण्यात सोडले.

आता बोलायचं काय ते सुचेना. माझ्या लेकीला आणायला गेलो की मी दारातून हाक मारतो, तशीच मारली. "शेवंता, चल. आईनं बोलावलंय." पाण्यावर माझाच आवाज मला परका वाटला. थोडा वेळ थांबलो. सासरच्या माणसांना आवराआवर करायला वेळ द्यावा लागतो.

येताना तिरकं, वळून, परत तिरकं. एकटा असलो की मी होडीच्या मधोमध सरकून कडेवर पूर्ण बाहेर झुकतो आणि वेगानं येतो. त्या दिवशी मागं सरकून बसलो. पुढची जागा मोकळी ठेवली. दोरी हातातून सोडली नाही आणि ओढलीही नाही फार, होडी कलू नये म्हणून. तीसेक मिनिटांची वाट, मला सव्वा तास लागला. वळताना प्रत्येक वेळी शिडाचा आडवा बांबू डोक्यावरून फिरतो, तेव्हा आम्ही सोबतच्याला "मान खाली" म्हणून सांगतो. एकोणीस वर्षांत मला हे कधी म्हणायला लागलं नव्हतं. त्या दिवशी दर वळणाला म्हणालो.

मावशी काठावर उभी होती. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या, ओवाळून टाकायला. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. पुढच्या मोकळ्या जागेकडं बघत होती, बऱ्याच वर्षांनी आलेल्या माणसाकडं बघतात तशी, जरा बुजून. "पोचलं?" असं तिनं विचारलं नाही. म्हणाली, "होडी वर घे जरा. पाय भिजतील तिचं."

मी उतरलो, गुडघाभर पाण्यात. होडीचं पुढचं टोक कोरड्या मातीवर चढवलं. मागच्या फळीवर पांढरी अक्षरं होती, क्षमता एक इसम. मावशीला वाचता येत नाही. तरी मी त्या अक्षरांवर हात ठेवला आणि होडी हलू नये म्हणून तशीच धरून उभा राहिलो, ती उतरेपर्यंत.